होयबा की मास्तर

दोन यंत्रांतून एक निवडायचं काम ठकीने माझ्यावर सोपवलं. एवढ्या मोठ्या जगात तिला मीच सापडलो!

ठकी म्हणजे माझी भाची, थोरल्या बहिणीची एकुलती एक मुलगी. खरं नाव कागदोपत्री आहे, ते तिथेच राहू दे. अकरा वर्षं तिने घरोघरी जाऊन नर्सिंग केलं. कुणाचं ड्रेसिंग, कुणाचं इंजेक्शन, कुणाची नळी बदलायची. सकाळी हातात एक चुरगळलेली यादी मिळायची आणि मग दिवसभर पायपीट. त्या यादीच्या जागी फोनवर एक नीट ॲप असावं, कुणाकडे कधी जायचं, काय करायचं, काल काय झालं होतं, हे नर्सला एका जागी दिसावं, असं तिच्या डोक्यात आलं आणि बाईंनी चक्क नोकरी सोडली. मग मला फोन. "मामा, तू तीस वर्षं प्रोग्राम लिहिलेस ना? माझ्यासाठी एक लिही."

मी तेव्हा घरीच होतो. कंपनीने दोन वर्षांपूर्वी फुलांचा गुच्छ हातात देऊन मला वाटेला लावलं होतं आणि मी दिवसभर टीव्हीवर बातम्या देणाऱ्यांशी भांडत बसायचो. बायको अगदी टेकीला आली होती. ठकीचा फोन आला तेव्हा माझ्याआधी तीच 'हो' म्हणाली.

दाताच्या दवाखान्यावरची एक खोली ठकीने भाड्याने घेतली. दोन टेबलं, एक छापायचं यंत्र, एक कपाट, आणि खालून दिवसभर ड्रिलचा आवाज. पहिल्या आठवड्यात तो आवाज ऐकून माझेच दात शिवशिवायचे. पण सांगतो, वर्षभर मी त्या खोलीत सुखाने गेलो. तिथे मला कुणीतरी काहीतरी विचारत होतं.

आता न सांगितलेली गोष्ट सांगून टाकतो. आठ महिन्यांपासून माझ्या नजरेच्या मधोमध डाग पडलाय. उजव्या डोळ्यात मोठा, डाव्यात लहान, पण तोही पसरतोय. कडेचं सगळं दिसतं: दार, खिडकी, टेबलाचा कोपरा. जिथे बघावं नेमकं तेच दिसत नाही. शब्दाकडे बघितलं की शब्दाचं पोटच गायब. डॉक्टर म्हणाले, डोळ्यात इंजेक्शनं घेऊन वेग कमी करता येईल, गेलेलं परत येणार नाही. हे डॉक्टरांना माहीत होतं, मला आणि बायकोला. ठकीला नाही. तिला सांगितलं असतं तर तिने अतिशय प्रेमाने मला घरी बसवलं असतं. आणि मला घरी बसायचं नव्हतं. बास, यात दुसरं काही थोर कारण नाही.

लपवणं सोपं गेलं. नीट दिसावं म्हणून मी मान वळवून कडेने बघतो. समोरच्याला वाटतं, हा आपल्याकडे बघायलाही तयार नाही. पण मी आधीपासूनच उर्मट म्हणून प्रसिद्ध, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. छापताना अक्षर मोठं करायला लागलो तेव्हा ठकीने विचारलं, तर म्हटलं, साठी आली बाई, चष्म्याचा नंबर वाढला. ती हसली आणि कागदाची दोन रिमं जास्त घेऊन आली.

हा कागद कशाला, तर आमच्या खोलीत माझी एक पद्धत होती. कोडची एकही ओळ न वाचता पुढे जायचं नाही. सगळं छापायचं, तांबडी पेन्सिल घेऊन वाचायचं, आणि पटलं की पहिल्या पानावर 'वाचलं' असं लिहून खाली सही ठोकायची. ठकीला कोडमधलं ओ की ठो कळत नाही. पण ते 'वाचलं' तिला कळायचं. ते दिसलं की ती गठ्ठा कपाटात ठेवून मोकळी व्हायची.

तर, यंत्रं. घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या नर्सेसची एक एजन्सी आमचं ॲप वापरून बघायला तयार झाली. चाळीस नर्सेस. पण त्यांना ते दोन महिन्यांत हवं होतं आणि मी एकटा ते लिहायला वर्ष खाणार होतो. हल्ली साध्या भाषेत सांगितलं की कोड लिहून देणारे एआय मदतनीस निघालेत, तसा एक घ्यायचं ठरलं. ठकी म्हणाली, "दोन चांगले आहेत म्हणतात. आठवडाभर दोघांना चालवून बघ आणि कुठला घ्यायचा ते तू सांग. मला त्यातलं काय कळतंय!"

मी दोघांना सारखीच कामं दिली. नर्सची दिवसाची यादी बनवा, भेटीची नोंद करायचा फॉर्म बनवा, चुकलेली भेट दुसऱ्या दिवशी वर दाखवा.

पहिल्याचं नाव मी पहिल्या तासातच 'होयबा' ठेवलं. काहीही सांगा, "नक्की! छान कल्पना आहे!" म्हणून कामाला लागायचा आणि माझा चहा गाळून होईपर्यंत बाराशे ओळी तयार. शेवटी चार वाक्यांत काय काय केलं त्याचा गोषवारा. तो गोषवारा मी फोनला कानात वाचून दाखवायला लावायचो. म्हणजे डोळ्यांना सुट्टीच.

दुसरा मास्तर. सहा-सात ओळी लिहायचा आणि थांबायचा. "हे बदलतो आहे, कारण असं असं. बघा आणि हो म्हणा." आपण हो म्हणेपर्यंत जागचा हलायचा नाही. परत सहा ओळी, परत "बघा". बघा काय बघा! पडद्यावर बारीक हिरव्या-तांबड्या ओळी, त्यांच्या मधोमध माझा डाग, आणि हा बाबा माझ्या होकाराची वाट बघत उभा. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ठकीला म्हटलं, खालच्या औषधांचा वास चढतोय.

आणि ठकीला नेमका मास्तरच आवडला. शेजारी खुर्ची ओढून बसायची.

"मामा, हा विचारतो ते मला कळतं रे! आत्ता त्याने विचारलं, पेशंटने दार उघडलं नाही तर काय नोंदवायचं. तुला सुचला होता हा प्रश्न?"

"सुचणारच होता."

"कधी?"

"संध्याकाळपर्यंत."

"हो का! होयबाने तर न विचारताच 'भेट झाली' असं धरून टाकलंय. मी पाहिलं करून."

"ते एका ओळीत दुरुस्त होतं," मी म्हटलं. "आपल्याला दोन महिन्यांत काम संपवायचंय. हा मास्तर आपल्याला दोन वर्षं बाकावर उभा करेल."

हे खोटं नव्हतं. होयबा खरोखरच पाचपट वेगाने चालत होता. पण माझं मन वेगासाठी त्याच्याकडे झुकलेलं नव्हतं. होयबा मला काही वाचायला लावत नव्हता, म्हणून मला तो हवा होता. मास्तरबरोबर काम करायचं तर माझे डोळे पंधरा दिवसांत उघडे पडले असते.

घरी मी फोनवर बोलून अहवाल लिहीत होतो: होयबाचे गुण, मास्तरचे दोष. बायको भाजी चिरता चिरता ऐकत होती. म्हणाली, "अहो, ही यंत्रांची परीक्षा चाललीय की तुमच्या डोळ्यांची?"

"तू तुझी भाजी बघ."

"मी बघतेच आहे. मला दिसते." मग सुरी खाली ठेवून म्हणाली, "सांगा हो तिला. ती काही परकी नाही."

मी सांगितलं नाही. अहवालात लिहिलं, वेग महत्त्वाचा, होयबा घ्यावा. ठकीने तो दोनदा वाचला. तिला पटलेलं नव्हतं, हे तिच्या आवाजावरून कळलं. पण म्हणाली, "तू म्हणतोस तर होयबा. शेवटी वाचणारा तू आहेसच ना." आणि तिथल्या तिथे होयबाची वर्षभराची वर्गणी भरून टाकली.

तीन आठवड्यांत ॲप उभं राहिलं. खरंच राहिलं! ठकी नाचायची बाकी होती. रोज गठ्ठा छापून माझ्या टेबलावर यायचा आणि सुरुवातीला मी इमानदारीने वाचायचो. ती बाहेर गेली की खणातून भिंग काढायचं आणि एकेक ओळ कडेने चाटत जायचं. पण होयबाचा वेग म्हणजे माझ्या वाचनाच्या पन्नासपट. दुसऱ्या आठवड्यापासून मी अधलीमधली पानं वाचायला लागलो. मग पहिली आणि शेवटची.

त्यातच एजन्सीकडून पेशंटांची यादी आली. त्यात बरीच नावं दोनदा नोंदवलेली होती. मी होयबाला सांगितलं, दुबार नोंदी काढून टाकणारं काहीतरी लिही. "नक्की!" थोड्या वेळाने फोनने कानात सांगितलं की एकेचाळीस दुबार नोंदी काढल्या, यादी आता स्वच्छ आहे. मला फार बरं वाटलं. त्या दिवशीचा गठ्ठा नव्वद पानांचा होता. मी सहा पानं वाचली. सातव्यावर डोळ्यांपुढे नुसता धूर झाला. खाली ड्रिल चालू होतं. मी पहिलं पान वर घेतलं, 'वाचलं' लिहिलं आणि सही केली. ते मात्र सरळ रेषेत आलं, हाताला सवय होती.

चाळीस नर्सेसच्या आधी पंधरा दिवस एकीनेच वापरून बघायचं ठरलं होतं. ही सिस्टर खणखणीत आवाजाची, ठकीच्या जुन्या ओळखीतली, बारीकसारीक चुका काढणारी. पहिले चार दिवस तिचे रोज फोन यायचे, हे बटण मोठं करा, ते खाली घ्या. मग ती दोन दिवस सुट्टीवर गेली आणि तिच्या जागी एक नवी मुलगी फोन घेऊन फिरली.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला सिस्टरचा फोन आला. ठकीने स्पीकरवर घेतला.

"तुमच्या यादीत आजी कुठे आहेत?"

"कुठल्या आजी?"

"अगं, त्या चौथ्या मजल्यावरच्या! आजोबांच्या पायाचं ड्रेसिंग आणि आजींना रक्त पातळ करायचं इंजेक्शन, रोजचं. मी होते तोवर दोघांचं करतच होते, मला यादी कशाला बघायला लागते त्यांच्यासाठी! ही नवी पोरगी यादीत बघून आजोबांचं ड्रेसिंग करून दोन्ही दिवस परत आली. आजी खाटेवरून बघत होत्या. त्यांना वाटलं, आपली इंजेक्शनं बंद केली असतील. आज मी गेले तर पाय हा एवढा सुजलेला. हॉस्पिटलला पाठवलंय मी त्यांना."

ठकी पर्स उचलून पळाली. मी खोलीत एकटा बसून राहिलो. होयबाने काय केलं असणार, ते मला न बघताच कळलं होतं. एक पत्ता, एक फोन नंबर, म्हणून माणूस एक. नवरा-बायकोला त्याने एक करून टाकलं आणि त्यातल्या बायकोला पुसलं.

ठकी तीनच्या सुमाराला परत आली. आजींच्या पायात रक्ताची गाठ सापडली होती. वेळेवर सापडली, औषधाने विरघळेल, चार दिवस ठेवतील. हे सगळं तिने सपाट आवाजात सांगितलं. मला वाटलं, पोरीने काय धीर धरलाय! मग कपाटातून तो गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला.

"मास्तरची फुकट वापरायची मुदत अजून आहे, हॉस्पिटलात बसून फोनवरच त्याला दाखवून ओळ शोधली. सत्तावन्नावं पान. पत्ता आणि फोन सारखा तर नोंद दुबार. हीच ना?"

"हीच."

"तू वाचलंस तेव्हा तुला ते बरोबरच वाटलं असणार, मामा. कारण मी तुला कधी सांगितलंच नाही. म्हातारी जोडपी असतात, दोघंही पेशंट, घरात एकच फोन. मी अकरा वर्षं असल्या घरांतून हिंडलेय. तुला कुठून माहीत असणार?" ती खाली बसली. "मी एजन्सीला पत्र लिहिलंय. ऐक. 'झालेली चूक सर्वस्वी माझी आहे. कोड तपासणाऱ्यांना मी पुरेशी माहिती दिली नव्हती.' बरोबर आहे ना? मग सही करून पाठवते."

मला काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. आठ महिने तेच केलं होतं, आणखी एक मिनिट जड नव्हतं. पत्र गेलं असतं, मी खोलीत राहिलो असतो, आणि एजन्सीने ठकीकडे बोट दाखवलं असतं. तेही तिने न केलेल्या गोष्टीसाठी.

"ठकी, पाठवू नकोस. मी ते वाचलं नाही."

"म्हणजे, घाईत—"

"घाईत नाही. वाचलंच नाही. सहा पानं वाचली. पुढची चौऱ्याऐंशी मला दिसली नाहीत." आणि मग एकदा तोंड उघडल्यावर मी सगळंच ओकून टाकलं. डाग, डॉक्टर, भिंग, मोठं अक्षर. होयबा का निवडला, तेसुद्धा.

ती उठली, माझी खुर्ची स्वतःकडे फिरवली आणि माझी हनुवटी धरली. नर्सचे हात, एकदम घट्ट.

"सरळ बघ माझ्याकडे. मान वळवायची नाही. काय दिसतं?"

"तुझे केस दिसतात. कान दिसतात. मागचं कपाट दिसतं."

"आणि मधे?"

"मधे नाही काही."

तिने हनुवटी सोडली नाही. "म्हणजे मी आल्यापासून रडतेय, ते तुला दिसलंच नाही."

मी नाही म्हटलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मग ती भडकली. लहानपणापासून बघतोय, इतकी भडकलेली मी तिला कधी पाहिली नाही. आणि तेव्हाही पाहिली नाहीच म्हणा. "डोळे अधू झाले म्हणून तुला मी हाकललं असतं? मी नर्स आहे मामा! मला सांगायचं नाही, तर कुणाला सांगायचं? आणि डोळ्यांचं राहू दे. तू 'वाचलं' लिहिलंस. त्या एका शब्दावर मी चाळीस जणी उभ्या करणार होते! आजींना काही झालं असतं तर?"

"मला—"

"गप्प बस. घरी जा."

बायको येऊन मला घेऊन गेली. वाटेत फक्त पायऱ्या आल्या की "पायरी" म्हणायची.

दुसऱ्या दिवशी मी बायकोबरोबर हॉस्पिटलात गेलो. आजींना म्हटलं, तुमचं नाव यादीतून माझ्यामुळे गेलं. मी तपासायला हवं होतं, तपासलं नाही. त्या म्हणाल्या, "अहो, मीच विचारायला हवं होतं त्या मुलीला. उगीच संकोच केला." शेजारच्या खुर्चीवरून आजोबा म्हणाले, "मला तरी कळायला नको?" कपाळ माझं! जो तो चूक आपल्याकडे ओढायला टपलेला, खऱ्या धन्याला जागाच मिळेना. मी परत एकदा नीट, सावकाश सांगितलं. मग आजींनी माझा हात थोपटला. त्याने मला आणखीच वाईट वाटलं.

दोन दिवस ठकीचा फोन नाही. मी टीव्हीसुद्धा लावला नाही. आता आपलं तिथलं संपलं, असं मी धरून चाललो होतो आणि ते योग्यच होतं. योग्य आहे म्हणून कमी दुखतं, असं मात्र काही नसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "ये." एवढंच.

गेलो तर तिने दोन्ही यंत्रं चालू करून ठेवलेली. "मी काल दोघांनाही तेच काम दिलं," ती म्हणाली. "तुझ्याच शब्दांत. दुबार नोंदी काढून टाक. आणि तुला माहितेय? मास्तरनेही तीच चूक केली."

"मास्तरने? विचारलं नाही त्याने?"

"नाही विचारलं. बाकीच्या दहा गोष्टी विचारल्या, ही नाही विचारली. नवरा-बायको एक करून टाकले त्यानेही."

इतक्या दुःखातही मला हसू फुटलं. "मग कुठला घ्यायचा? दोघंही सारखेच गाढव."

"सारखे कसे? होयबाची गाढवकी सत्तावन्नाव्या पानावर होती. मास्तरची तिसऱ्या मिनिटाला माझ्यासमोर, सहा ओळींत. आणि सहा ओळी मी वाचू शकते. मला कळत नाहीत, पण वाचता येतात ना. ऐक." आणि तिने वाचायला सुरुवात केली. "इफ, कंस, पत्ता बरोबर बरोबर पत्ता—"

"दोनदा बरोबर म्हणू नकोस, ते एकच चिन्ह आहे."

"इथे दोनदा काढलंय! बरं. पत्ता समान, आणि, फोन समान, कंस पुरा. उलटी महिरप. जुनी नोंद ठेवा, नवी—"

"थांब," मी म्हटलं. "इथेच मेली आजींची नोंद."

"बघ," ठकी म्हणाली.

त्या दिवशी आम्ही दुपारपर्यंत तसेच बसलो. ती वाचत होती, मी डोळे मिटून ऐकत होतो. तिचं वाचन म्हणजे देवा रे देवा! कंस गिळायची, स्वल्पविराम आला की श्वास घ्यायची. पण तीस वर्षं डोक्यात कोड भरलेल्या माणसाचे कानच बघतात की काय कोण जाणे, मला ओळी उभ्या दिसायला लागल्या. दर तिसऱ्या दिवशीचं ड्रेसिंग महिना बदलला की परत एकपासून मोजलं जात होतं, हे मला ऐकूनच सापडलं. तेवढ्यात ठकीने स्वतःहून विचारलं, "ही भेट सकाळची ठरली आणि नर्स दुपारी गेली तर ती चुकलेली धरणार का हा?" मी मास्तरला विचारलं. धरणार होता.

चार तासांत दोनशे ओळी झाल्या. होयबाने तेवढ्या एका घोटात केल्या असत्या. मी म्हटलं, "असं चाललं तर दोन महिन्यांत काय, सहा महिन्यांत होणार नाही."

"मग आठ लागतील." तिने लॅपटॉप पुढे ओढला. "आता पत्र. जुनं फाडलं. तू सांग, मी लिहिते."

मी सांगायला लागलो. चूक माझी आहे. जो कोड मी वाचला असं लिहून दिलं तो मी वाचला नव्हता. मला आठ महिन्यांपासून नीट दिसत नाही आणि ते मी माझ्या भाचीपासून लपवलं. मदतनीस निवडतानाही मी कामाचं हित न बघता माझं गुपित सांभाळलं.

ठकीची बोटं थांबली. "एवढं लिहायचं?"

"लिही."

"ते म्हणतील, या माणसाला बाहेर काढा, मग आपण बोलू."

"म्हणू देत. त्यांना म्हणायचा हक्क आहे."

तिने लिहिलं. शेवटी मी माझं नाव सांगितलं आणि गप्प झालो. पण बटणांचा आवाज थांबला नाही. ती आपली लिहीतच होती, आणखी मिनिटभर.

"काय लिहितेस गं?"

"माझं मी लिहितेय," ती म्हणाली आणि पाठवून मोकळी झाली.

पत्राची प्रत मलाही पाठवलेली होती. संध्याकाळी घरी येऊन मी फोनला वाचायला सांगितलं. त्या यंत्राच्या कोरड्या आवाजात मी माझे सगळे गुन्हे एकेक करून ऐकले. माझं नाव आलं. आणि मग तो आवाज, कुठेही न थांबता, पुढे वाचत गेला:

"यापुढे प्रत्येक ओळ मी मोठ्याने वाचेन आणि माझे मामा ती ऐकतील. आम्हाला आठ महिने लागतील. मामांशिवाय हे काम मी करणार नाही. हे मान्य नसेल तर तसं कळवावं, मी दुसरी एजन्सी शोधेन."

फोन वाचायचा थांबला.

"अहो," बायकोने स्वयंपाकघरातून हाक मारली, "ते शेवटचं परत लावा. नळ चालू होता, मला नीट ऐकू आलं नाही."

मी परत लावलं.